आत्याबाईंच्या शेजारची जागा

माझ्या मावशीला एका फोटोत उभं राहायचं होतं, आणि तिनं तिथं उभं राहू नये यात माझा स्वार्थ होता. गोष्ट एवढीच आहे. ती सांगताना माझीच शोभा होणार आहे, पण त्याला इलाज नाही.

त्या दिवसांत मी छायाचित्रांवर पीएच.डी. करत होते. 'समकालीन छायाचित्रणातील शरीर आणि त्याची अनुपस्थिती' असा विषय होता. घरी हे नाव मी एकदाच पूर्ण उच्चारलं. आईनं विचारलं, "म्हणजे ज्यात माणूसच नाही असे फोटो?" मी म्हटलं, "साधारण तसंच." आई म्हणाली, "मग त्यात बघायचं काय?" पुढची चार वर्षं मी याच प्रश्नाचं उत्तर लांबलचक वाक्यांत लिहीत होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मी न आवरलेल्या पलंगांचे, खुंटीवरच्या सदऱ्यांचे, कुणीतरी नुकत्याच सोडलेल्या खुर्च्यांचे फोटो बघायचे. माणूस उठून गेलंय आणि उशीवर खळगा तेवढा राहिलाय, अशा एका फोटोवर मी आठ पानं लिहिली होती आणि मला त्या पानांचा अभिमान होता.

मावशी राहते गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या अलीकडच्या एका गावात. बीडहून गेवराईची गाडी आणि पुढं मिळेल ते वाहन. दोन म्हशी, एक गाय, शाळा सातवीत सोडावी लागल्याचा अजून न गेलेला राग आणि कुणाचंही पूर्ण ऐकून न घेण्याची सवय, एवढी तिची मालमत्ता. लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या मी तिच्याकडंच काढल्या. मी डॉक्टर होणार आणि तीही शरीराची, हे तिनं गावभर सांगून ठेवलं होतं. त्यामुळं मी गेले की बायका गुडघे पुढं करायच्या. एका म्हातारीनं तर सरळ माझ्या मांडीवर पाय ठेवला आणि वाटी सरकली का बघ म्हणाली. मी मावशीला म्हटलं, "अगं, मी न दिसणाऱ्या शरीराचा अभ्यास करते." ती म्हणाली, "मंग बरंच हाय की. आतलं दुखणं तुलाच कळंल."

मावशीच्या गावात बायकांची दूध संस्था आहे. ग्रामपंचायतीच्या मागं पत्र्याची एक खोली, सकाळ-संध्याकाळ किटल्यांचा खडखडाट, आणि फॅट कमी लागली की मशिनला शिव्या. त्या मशिनच्या वर, भिंतीवर, संस्थेच्या उद्घाटनाचा फोटो होता. लहानपणापासून मी तो बघत आले होते. म्हणजे खरं तर कधी बघितलाच नव्हता. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मावशीची किटली घेऊन गेले, रांगेत उभी राहिले, सहज वर पाहिलं आणि अंगावर काटा आला.

फोटोत चौदा बायका एका ओळीत उभ्या होत्या. मधे एक कडक इस्त्रीतले पुढारी आणि दोन अधिकारी. सगळ्या बायका खांद्याला खांदा लावून होत्या, पण तीन ठिकाणी ओळ तुटलेली होती. बरोबर एकेक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. त्या जागांमागं पांढरी भिंत दिसत होती आणि खाली तुडवलेली माती. मी कधीपासून असा फोटो शोधत होते, आणि तो माझ्या मावशीच्या गावात फॅटच्या मशिनवर टांगलेला होता.

त्या मोकळ्या जागांची हकीकत गावात सगळ्यांना ठाऊक होती. संस्था निघाली त्या वर्षी पाऊस झाला नाही. कधी ऊसतोडीचं नाव न काढलेली घरंही त्या वर्षी दसऱ्यानंतर ट्रॅक्टरमधे चढली. त्यात मावशीचंही घर होतं. चार वर्षांच्या पोराला सासूपाशी ठेवून मावशी आणि काका खाली, सातारच्या अंगाला, एका साखर कारखान्यावर गेले. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत मावशी त्या वर्षी अर्धा कोयता होती. जायच्या आधी तिनं आणि तिच्या सासूनं मिळून घरोघर हिंडून या संस्थेच्या सभासद गोळा केल्या होत्या. सासू पहिली चेअरमन झाली. मावशी तिला आत्याबाई म्हणायची, म्हणून ती वारेपर्यंत आम्ही सगळेच तिला आत्याबाई म्हणायचो. पुढाऱ्यांना उद्घाटनाला वेळ मिळाला तो नेमका ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यावर. सतरा जणींतल्या तिघी उसाच्या फडात होत्या.

फोटो काढायला आलेला गेवराईचा फोटोग्राफर या गोष्टीला सरावलेला होता. आमच्या भागात हिवाळ्यातल्या कुठल्याही कार्यक्रमाला माणसं कमीच असायची. तो आधीच विचारायचा, "कोण कोण उसाला गेलंय? त्यांची जागा सोडा." जागा नीट मोजली जावी म्हणून दोघींच्या मधे एक भरलेली किटली ठेवायचा आणि बटण दाबायच्या आधी ती काढून घ्यायचा. टोळ्या परत आल्या की ती माणसं त्याच्या दुकानात जायची, पांढऱ्या चादरीपुढं तशाच ढंगात उभी राहायची, आणि तो ब्लेडनं त्यांना कापून मूळ फोटोत चिकटवून त्याचा पुन्हा फोटो काढायचा. गावातल्या कित्येक लग्नांच्या फोटोंत असे मागाहून आलेले मामा आणि चुलते आहेत. त्यांच्या सावल्या भलतीकडं पडतात, एवढंच.

या फोटोचं मात्र ते राहून गेलं. टोळ्या परत आल्या तेव्हा गुरं चारा छावणीत होती, दूध संकलन बंद होतं, विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरावं लागत होतं. फोटोचं कुणाला सुचणार? पुढं फोटोग्राफरनंच दुकान बंद केलं. फोटो तसाच काचेत बसला.

मी मोबाईलवर त्याचा फोटो काढून माझ्या मार्गदर्शक बाईंना पाठवला. बाई स्तुती करायच्या बाबतीत फार हात राखून. त्यांचं उत्तर आलं, "हाच तुमचा प्रबंध. बाकीचं सगळं याच्याभोवती बांधा." मी नाचायची तेवढी बाकी राहिले. दोन महिन्यांत चाळीस पानं झाली. दुष्काळ माणसाला चित्राच्या चौकटीतून कसा वजा करतो, वगैरे. आत्याबाई फोटोत मधोमध उभ्या आहेत आणि त्यांच्या डाव्या हाताची जागा रिकामी आहे, ती मावशीची. त्या बाजूचं आत्याबाईंचं कोपर जरा बाहेर आलेलं आहे. त्या कोपरावर मी दोन पानं लिहिली. ग्रामीण स्त्रीला कॅमेऱ्यापुढं आपल्या शरीराचं काय करावं हे कळत नाही, त्या अवघडलेपणाची ती खूण आहे, असं माझं म्हणणं होतं. बाईंनी त्या परिच्छेदाशेजारी 'सुंदर' असा शेरा मारला होता.

आणि मग संस्थेची नवी इमारत झाली. पक्की, टाइल्सची, दूध थंड करायच्या टाकीसकट. तिच्या उद्घाटनाला जुना फोटो मोठा करून लावायचं ठरलं, आणि सभेत एकमतानं ठराव झाला की तिघींच्या जागा आता भरून घ्याव्यात. काम कुणाला सांगायचं हा प्रश्नच नव्हता. सचिवबाईंचा मला फोन आला, "ताई, तुमी फोटोच्याच डॉक्टर. कम्प्युटरवर लगेच व्हतं म्हणं." मागून मावशीचा आवाज आला, "तिला म्हणावं, यंदा मला उभी कर त्यात."

मी हो म्हटलं आणि पाय मागं ओढायला लागले. आधी परीक्षांचं कारण सांगितलं, मग लॅपटॉप बिघडल्याचं. एकदा तर जुन्या फोटोला हात लावला की त्याचं ऐतिहासिक मूल्य जातं, असंही सांगून पाहिलं. सचिवबाई बिचाऱ्या गप्प बसल्या. मावशी कसली बसते! तिनं निरोप धाडला, "डॉक्टरीणबाईंना म्हणावं, दोन दिवस राहायला या. कावून जमत न्हाई ते तोंडावर सांगा."

गेले. पहाटेची धार काढायची वेळ होती. मावशी म्हशीखाली बसली होती, मी जात्याच्या कट्ट्यावर. एकदाचं खरं सांगून टाकावं म्हणून मी प्रकरणाचा छापलेला मसुदाच घेऊन गेले होते. तिला सोपं करून वाचून दाखवलं. तुमच्या त्या तीन मोकळ्या जागा हाच या फोटोचा जीव आहे, दुष्काळानं काय नेलं ते त्या जागा सांगतात, त्या भरल्या तर हा इतर हजार फोटोंसारखा एक फोटो होईल, असं सगळं. मला वाटलं, तिला भरून येईल. चरवीत धार पडत राहिली. कोपराचा भाग आला तेव्हा ती धार थांबली.

"काय म्हणलीस? कोपराचं पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

मावशी हसायला लागली. म्हैस बिचकली, तिला थोपटून मावशी पुन्हा हसली. "आगं बये! अवघडली म्हणं! आत्याबाई आन अवघडल्या! ते पुढारी शेजारी घुसाया बघत व्हते. फोटोवालाबी म्हणला, बाई, तुमी चेअरमन, पावण्यांना तुमच्या डाव्या अंगाला घ्या. आत्याबाई म्हणल्या, पावण्यांना उजव्या अंगाला घे, ह्या अंगाला माझी सून हाय. तरी ते सरकाया लागले, तवा कोपर काढलं बाहेर. बघ की नीट, पुढारी कसे उजवीकडं चेपून उभे हायती."

मी मसुदा बंद केला. दोन पानं. सुंदर असा शेरा.

मावशी आता हसत नव्हती. चरवी बाजूला ठेवून म्हणाली, "तुला ठावं न्हाई. आमी उसाला निघालो त्या दिवशी आत्याबाई ट्रॅक्टरपाशी आल्याच न्हाईत. गोठ्यात बसून राहिल्या. चेअरमनची सून कोयता घेऊन निगाली, मंजे मीच त्यांची मान खाली घातली असं मला वाटलं. पाच महिने फडात त्येच डोक्यात. पाचटाच्या कोपीत पडलं की त्येच. परत आले तर बाया मला हाताला धरून संस्थेत घेऊन गेल्या. म्हणल्या, ही बघ तुझी जागा, म्हातारीनं पुढाऱ्याला शिरू दिलं न्हाई. त्या मला कवा चांगलं बोलल्या न्हाईत, पोरी. त्या दिवशीबी न्हाई. चुलीपुढं बसल्या व्हत्या, म्हणल्या, आलीस? भाकरी टाक."

मी खाली वाकून चरवीवर फडकं टाकलं.

"यष्टीत रुमाल टाकून कुणी आपल्यासाठी जागा धरली," मावशी म्हणाली, "आन आपुन गाडीत चढलोच न्हाई, तर धरणाऱ्याला कसं वाटंल?"

एवढं ऐकूनही माझं डोकं प्रबंधातच. मी म्हटलं, "मावशी, आपण दोन प्रती करू. संस्थेत लावायची ती भरलेली. तिच्यात तू आहेस. आणि माझ्या प्रबंधात फक्त ती जुनी, रिकामी."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मंजे तुझ्या पुस्तकात मी न्हाईच?"

"तसं नाही गं. न असण्याबद्दलच ते..."

"मी हितं तुला च्या करून देतीय, भाकर वाढतीय, आन तू लिवणार मावशी न्हाई म्हणून?"

ती चरवी उचलून आत गेली. त्या दिवसापासून तिनं मला 'तुमी' म्हणायला सुरुवात केली. मावशीच्या तोंडचं 'तुमी' म्हणजे काय, हे ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. "तुमी जेवता का? तुमाला पाणी तापवू का? तुमची गाडी किती वाजता हाय?" काका भाजीतलं मीठ बघण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात यायचे, परिस्थिती बघायचे आणि निघून जायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आपणहून किटली उचलली आणि संस्थेत गेले. रांग संपेपर्यंत थांबले, स्टूल घेतलं आणि फोटोजवळ गेले.

पुढाऱ्यांचा उजवा खांदा शेजारच्या बाईच्या पदराआड गेलेला होता. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते दाबून धरलेल्या माणसाचं. आणि आत्याबाई ताठ होत्या. त्यांचं कोपर बाहेर होतं आणि मूठ घट्ट वळलेली होती. ती मूठ मला चाळीस पानं लिहूनही दिसली नव्हती. मला माझी लाज वाटली, आणि त्या दोघींबद्दल माया दाटून आली. स्टुलावरून उतरायच्या आधी मी काचेवरची धूळ हातानं पुसली.

घरी येऊन मी मावशीला म्हटलं, "उभी राहशील का? पुस्तकातही तोच फोटो घालीन."

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला कांदा पाहिजे का पिठल्याबरुबर?" 'तुला' ऐकून काकांनी बाहेरच्या खोलीतून मोठ्यानं सुस्कारा सोडला.

बाईंना फोन करणं सोपं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग प्रकरणाचं काय?" मी म्हटलं, "पुन्हा लिहावं लागेल. कोपरापासून." त्या म्हणाल्या, "मुदतवाढीचा अर्ज करा."

पुढचं काम भराभर झालं. तिघींपैकी एक वारली होती. तिच्या मुलानं तिचा भावाच्या लग्नातला फोटो आणून दिला, त्यात ती कुणाच्या तरी कपाळाला कुंकू लावत होती, तेवढा हात मी झाकला. दुसरी लिंबागणेशला लेकीकडं असते. मी तिथं जाऊन तिचा फोटो काढला. तिला हसू आवरेना. शेवटी हसतानाचाच घेतला. दुष्काळाच्या वर्षातल्या त्या गंभीर ओळीत ती एकटी खळखळून हसते आहे.

राहिली मावशी. जुन्या फोटोतलं ऊन डावीकडून येत होतं, म्हणून मी दुपारी चारची वेळ ठरवली. जागा नव्या इमारतीची पांढरी भिंत. मावशीनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. पोरानं पुण्याहून आणलेली साडी काढली आणि परत ठेवली. त्या वर्षी असलं काही नव्हतं, म्हणाली. शेवटी एक धुवट हिरवं लुगडं निघालं. रस्त्यानं जो भेटेल त्याला सांगत निघाली. ती आता साठी ओलांडलेली, आणि फोटोतल्या आत्याबाई जेमतेम पन्नाशीच्या. हा हिशेब तिच्या आधीच लक्षात आला होता आणि त्यावर ती खूश होती. "आता मीच थोरली," बायकांना सांगत होती. "आता बघते मला कशा बोलत्यात ते. म्हणावं, जरा सरका तिकडं, मोठ्या माणसाला जागा द्या." सगळ्या हसत होत्या. मीही हसत होते आणि कॅमेऱ्याचं बघत होते.

मी तिला भिंतीपुढं उभी केली. उंची जुळावी म्हणून जुन्या फोटोची प्रत माझ्या हातात होती. "सरळ उभी राहा. हात खाली. हां. आता हलू नकोस."

"आत्याबाई कोणत्या अंगाला?" तिनं विचारलं.

"तुझ्या उजव्या. अगदी लागून."

मावशीनं उजवीकडं पाहिलं. तिथं नवी भिंत होती, अजून चुन्याचा वास येणारी. मग तिनं पायातल्या चपला काढल्या आणि पायानंच बाजूला सारल्या. पाठीवरचा पदर ओढून डोक्यावर घेतला, कपाळावर आला तरी आणखी थोडा ओढला. खांदे आवळून घेतले, नजर खाली केली, आणि हळूच अर्धं पाऊल मागं सरकली. हसणाऱ्या बायकांनीही नकळत आपापले पदर सावरले.

"मावशी," मी म्हटलं, "अशानं तू मागं जातेस. थोडी पुढं ये ना, त्यांच्या बरोबरीला."

"त्यांच्या बरोबरीनं कशी उभी राहू?" ती पुटपुटली.

मला समोरचं नीट दिसेना. मी कॅमेरा खाली घेतला, डोळे पुसले, पुन्हा वर धरला. तेवढ्यानंही तिला उशीर वाटला.

"काढ की गं लवकर," ती मान खाली घालूनच म्हणाली. "आत्याबाई कवाच्या उभ्या हायत्या."